कोंबडीची उडी

"अर्धा पौंड चहा दे, जोसी, आणि आईसाठी थोडे ओट..." थेडी मॅरिनन एवढं बोलला आणि मध्येच थांबला. माझ्या दुकानातल्या रेडिओवर लंडनचा कुठलासा बँड पलटणीचं कूचगीत वाजवायला लागला होता. थेडीने हातातली टोपी काउंटरवर ठेवली, दोन्ही टाचा जुळवल्या, अंगठे विजारीच्या शिवणीला टेकवले आणि माझ्या मागच्या साबणाच्या फळीवर नजर रोखून तो ताठ उभा राहिला.

दुकानात आणखी चार-पाच गिऱ्हाइकं होती. पॅकी लिलिस बटाट्याच्या पोत्यावर बसून तंबाखू कुसकरत होता, त्याचे हात थांबले. सिस टॅल्टी मेणबत्त्या घ्यायला आली होती. तिने थेडीकडे पाहिलं, मग रेडिओकडे पाहिलं, आणि मेणबत्त्या तिथेच टाकून ती निघून गेली. माझी बोटं रेडिओच्या खटक्यापर्यंत पोचेपर्यंत ते कूच संपलंही होतं.

थेडीला मग भान आलं. "ओट," तो म्हणाला. "दोन पौंड."

"लान्सरसाहेब, आरामात उभे राहा आता," पॅकी पोत्यावरून म्हणाला. "राजा गेला जेवायला."

कोणी हसलं नाही. थेडी कानापर्यंत लाल झाला. बावन्न वर्षांचा माणूस, हात घोड्याच्या मांडीएवढे, पण शाळेतल्या पोरासारखी मान खाली घालून चहा घेऊन गेला. ओट विसरला.

त्याच्या उभं राहण्यापेक्षा ती धूनच जास्त झोंबली होती. धून आमचीच होती. थेडीच्या आईच्या, डीलियाबाईंच्या, वडिलांनी बांधलेली जिग, म्हणजे नाचाची चाल. फार पूर्वी एकदा प्रार्थनेनंतर पाद्रीबाबा त्यांच्याकडे जेवायला गेले, टोपी फडताळावर ठेवली, आणि घरातली कोंबडी त्या टोपीत जाऊन बसली. निघताना बाबांनी न बघता टोपीला हात घातला, तशी कोंबडी पंख फडफडवत थेट त्यांच्या डोक्यावरून उडाली. डीलियाबाईंच्या वडिलांनी त्याच दुपारी जिग बांधली आणि नाव ठेवलं 'फादरच्या टोपीतली कोंबडी'. पुढे दुष्काळात त्यांचा धाकटा भाऊ पोटासाठी घोडदळात भरती झाला. खिशात पत्र्याची बासरी होती, तोंडात हीच चाल. पलटणीला ती आवडली, बँडमास्तरने ती उचलली, आणि बघता बघता ती भालेवाल्या घोडदळाचं, लान्सरांचं, कूच होऊन बसली. मोठमोठे लॉर्ड आणि जनरल तिच्यासाठी ताठ उभे राहायचे. एका कोंबडीसाठी. आम्ही लहानपणी यावर पोट धरधरून हसायचो.

ते हसणं इंग्रजांविरुद्धच्या धामधुमीच्या काळात बंद झालं. एके दिवशी त्याच पलटणीचे घोडेस्वार गावात शिरले, आणि शिरले ते तोंडाने शीळ घालून हीच चाल वाजवत. सिसचा भाऊ मार्टी शेतात बटाटे काढत होता. त्याला तसाच मातीच्या हातांनी घेऊन गेले. तुरुंगातून तो परत आला तो छाती पोखरून घेऊनच, आणि वर्षाच्या आत गेला. त्यानंतर सिसने ती जिग कधी वाजवली नाही. आमच्या पंचक्रोशीत नाचगाण्याला फिडल वाजवायची ती एकटी सिस, त्यामुळे तिने टाकलं ते गावानेही टाकलं.

थेडी तेव्हा इथे नव्हताच. तो तिकडे हिंदुस्थानात, मेरठला, त्याच पलटणीच्या दुसऱ्या तुकडीच्या घोड्यांना नाल ठोकत होता. घोड्यांच्या वेडापायी विसाव्या वर्षी गेलेला पोरगा. पलटण मोडली तेव्हा परत आला आणि बापाच्या थंड पडलेल्या भट्टीत त्याने विस्तव घातला. सिसने त्या दिवसापासून मॅरिननांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. डीलियाबाईंनी तिला बोट धरून फिडल शिकवली होती, स्वतःची फिडल देऊन टाकली होती, पण मुलाला घराबाहेर काढायला काही त्या तयार झाल्या नाहीत. पंधरा वर्षं गेली त्याला. गाव हळूहळू थेडीकडे घोडे न्यायला लागलं, कारण हात चांगला होता. सिस मात्र आपलं गाढव नाल ठोकायला दूरच्या बाजारगावी न्यायची. पाऊस असो, वारा असो, ती आणि ते गाढव, दोघं सारखीच हट्टी.

दुसऱ्या दिवशी राहिलेले ओट घेऊन मीच थेडीकडे गेले. भट्टी माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून, आणि तिच्या मागे त्यांचं घर. डीलियाबाईंना गेल्या लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांपासून, वाचा नव्हती. उजवं अंग गेलं होतं. चुलीजवळच्या पलंगावर त्या पडून असायच्या. चमच्याने भरवलं की खायच्या, डोळे मिटून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाला होता, आत काही उरलेलं नाही.

थेडी चुलीत पीटचा, दलदलीतल्या वाळक्या जळाऊ मातीचा, तुकडा सारत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "जोसी, आईला माझा अजून राग आहे."

"तिला चहा आणि दूध यातला फरक कळत नाही, थेडी. राग कुठला धरतेय?"

"काल रेडिओवर ऐकलं आणि राहवलं नाही. घरी आलो, तिच्या उशाशी बसलो आणि तीच चाल शिळेवर वाजवली. म्हटलं, तिच्या बापाची आहे, ऐकून बरं वाटेल." त्याने चिमटा खाली ठेवला. "तिने तोंड फिरवलं. भिंतीकडे. इतक्या महिन्यांत स्वतःहून कधी मान हलवली नव्हती तिने, आणि हलवली ती माझ्यापासून तोंड फिरवायला."

मी ओट डब्यात भरले.

"पलटणीची चाल ऐकून तिला मार्टी आठवला असेल," तो म्हणाला. "मी त्या लोकांचं अन्न खाल्लं ना. ती बोलली नाही कधी, पण मनात होतंच तिच्या. आता बोलणार तरी कशी."

"मग दुसरं काहीतरी वाजव."

"मला दुसरं येतच नाही. मी कुठे शिकलो? ती ओसरीत पोरांना शिकवायची तेव्हा मी भट्टीत भाता ओढायचो." मग म्हणाला, "जाण्याआधी तिने एकदा ती नीट ऐकावी, एवढंच वाटतं. पलटणीची नव्हे, घरची. कोंबडीवाली. ती एकट्या सिसला येते."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. सिसकडे जाणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण गेला बिचारा. रविवारी प्रार्थनेनंतर स्वच्छ कॉलर लावून गेला. सिसने दाराचं वरचं फळकूट उघडं ठेवून सगळं ऐकून घेतलं म्हणे, आणि मग तेही लावलं. परत येताना माझ्या दुकानापाशी थांबून थेडी म्हणाला, "बरोबर आहे तिचं." एवढंच. त्याचं ते 'बरोबर आहे' ऐकून मला सिसचा असा राग आला की तिच्या मेणबत्त्या मी तीन दिवस लपवून ठेवल्या.

त्याच आठवड्यात सिसच्या गाढवाचा नाल निघाला. पीट वाहून आणायचे दिवस, रस्त्यावर नवी खडी, आणि आभाळ काळंभोर झालेलं. दोन दिवस तिने गाढवाला तसंच लंगडत चालवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या दारासमोर ते बसलंच. पाठीवर भरलेल्या टोपल्या, चारी पाय पोटाखाली, आणि सिस लगाम ओढतेय.

"खूर फुटेल त्याचा," मी दारातून म्हणाले. "बाजारगावापर्यंत उचलून नेणार आहेस का?"

"तुला विचारलं का मी?"

"मला नको विचारू. गाढवाला विचार. तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की दूध नासावं. पण टोपल्या उतरवल्या. गाढव हूं की चूं न करता उठलं आणि भट्टीकडे चालायला लागलं. मीही दुकानाला कडी घालून मागोमाग गेले. खोटं कशाला बोलू, असला प्रसंग मी सोडणार नव्हते.

थेडीने सिसला पाहिलं, मान लववली आणि सरळ गाढवाचा पाय उचलून मांडीवर घेतला. "चारही बदलायला हवेत," तो म्हणाला. "हे कोणी ठोकलेत? खिळे आत गेलेत थेट."

"ठोक," सिस म्हणाली. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

भाता सुरू झाला, लोखंड लाल झालं. थेडी काम करताना इतका रमतो की आजूबाजूला कोण आहे याचा त्याला पत्ता नसतो. पहिला नाल बसला, दुसरा बसला. तिसऱ्याच्या वेळी तो गुणगुणायला लागला. हातोड्याचा एक घाव नालावर, दोन हलके ऐरणीवर, आणि त्या ठेक्यावर ओठांतल्या ओठांत तेच. कूच. मी डोळ्यांनी खुणावलं, खोकले, काही उपयोग झाला नाही. सिसचा चेहरा पांढरा पडला होता. आता ही गाढव सोडून चालती होणार, असं मला वाटलं.

थेडी दुसऱ्या भागावर आला, तो भाग संपवून परत पहिल्याकडे वळला.

"चूक," सिस म्हणाली.

थेडीचा हातोडा वरच थांबला. तोंडात धरलेले खिळे त्याने हातावर काढून घेतले.

"तिथे असं सपाट नाही जायचं," सिस म्हणाली. "दुसऱ्या भागात कोंबडी उडते. तू तिला चालवत नेतोस. गेल्या पंधरा वर्षांत रस्त्याने जाताना तुझं हे ऐकते मी, आणि दर वेळी कोंबडी चालत जाते."

"बँडमास्तरने काढून टाकली ती उडी," थेडी हळूच म्हणाला. "बँड घोड्यावरून वाजवायचा ना. उडी आली की सगळ्यात पुढचा नगाऱ्याचा घोडा बुजायचा. एकदा जनरलच्या अंगावर गेला. मग काढलीच."

"घोड्याला घाबरून?"

"हो."

"मग ती जिग उरलीच कुठे? ऐक." आणि सिसने पायाने ठेका धरला आणि तोंडाने बोल म्हणायला लागली. डिड्ल-डी, डिड्ल-डम. पहिला भाग दोनदा, मग दुसरा, आणि दुसऱ्याच्या मध्यावर तिचा आवाज एकदम वर गेला, तिथे क्षणभर फडफडला आणि खाली येऊन अलगद टेकला. मी ते माझ्या लग्नात ऐकलं होतं शेवटचं. माझे डोळे भरून आले, आणि तिथल्या धुराला दोष द्यायचीही सोय नव्हती, कारण धूर दुसऱ्या बाजूला होता.

आपण काय केलं हे सिसला म्हणून झाल्यावर कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. शेवटी ती म्हणाली, "मार्टी याच्यावर नाचायचा. त्या उडीला तो बाकावर चढायचा." मग थेडीकडे वळून, "त्यांनी शिळेवर वाजवली तेव्हाही उडी नव्हती. मी दारात उभी होते. माझ्या भावाला नेत होते आणि मला त्यांची चूक ऐकू येत होती. त्याची मला अजून लाज वाटते."

थेडी पुन्हा गाढवाचा पाय मांडीवर घेऊन वाकला होता. "मी तिथे नव्हतो, सिस. पण ते माझेच लोक होते. मी त्यांचे घोडे धरले. मला काही म्हणायचं नाही."

"मग नको म्हणूस."

गाढवाने कंटाळून शेपटी झटकली. तिसरा नाल थेडीने ठोकला, कानस फिरवली. वाटलं, झालं, आता चौथा ठोकेल आणि ही जाईल. पण माझी जीभ मला कधी ऐकत नाही.

"त्याने आईसाठीसुद्धा वाजवली ती," मी म्हणाले. "म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून हा झुरतोय, की आईचा आपल्यावर राग आहे म्हणून."

"जोसी," थेडी म्हणाला.

सिसने मान वळवली. "काय केलं बाईंनी?"

"तोंड फिरवलं. भिंतीकडे."

"तू वाजवताना? कधी? पूर्ण ऐकून की मध्येच?"

थेडी गोंधळला. "मध्येच. दुसऱ्या भागात... तू म्हणालीस ना आत्ता, साधारण तिथेच."

आणि सिस टॅल्टी हसली. इतक्या वर्षांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. गाढवाने कान टवकारले.

"अरे वेड्या," ती म्हणाली. "राग नाही तो. बाई शिकवायच्या तशाच. रागावायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. चुकलं की पाठ फिरवायच्या आणि नीट वाजेपर्यंत भिंतीकडे बघत बसायच्या. मी पहिली दोन वर्षं त्यांची पाठच पाहिली. पाठीवरची शाल मला अजून आठवते, तपकिरी, कडेला विरलेली."

थेडीच्या हातातली कानस खाली पडली.

"डॉक्टर म्हणाला, आत काही नाही," तो म्हणाला.

"त्या डॉक्टरला कोंबडीची उडी माहीत आहे का?" सिसने झगा वर खोचला. "बाई ऐकतायत. इतके दिवस ऐकतायत, आणि मी..." "त्या गाढवाला बघ," एवढं मला म्हणाली आणि वळून रस्त्याने पळायला लागली. पन्नाशीला आलेली बाई, डोक्यावरची शाल खांद्यावर, खडीवरून पळतेय. पॅकी लिलिस दुकानाच्या बंद दारापाशी उभा होता, तो बाजूला होऊन भिंतीला चिकटला.

ती परत आली तेव्हा फिडलची पेटी काखेत होती. मॅरिननांच्या दारापाशी मात्र ती थांबली. तो उंबरा तिच्या पायाला पंधरा वर्षं लागलेला नव्हता. थेडीने दार उघडून धरलं आणि तो बाजूला झाला. ती आत गेली.

डीलियाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. सिस पलंगाजवळ गुडघ्यावर बसली. "बाई," ती म्हणाली. "सिस आलेय. उशीर झाला." डीलियाबाईंचे डोळे उघडले नाहीत. सिसने फिडल काढली, कानाशी धरून तारा लावल्या, बराच वेळ लावल्या. मग स्टूल ओढून बसली आणि वाजवायला लागली.

पहिला भाग छान गेला. दुसऱ्या भागात उडीपाशी तिचं बोट घसरलं, नुसतं थोडंसं. मला तर कळलंही नसतं. पण उशीवर डीलियाबाईंची मान हळूहळू, मोठ्या कष्टाने, भिंतीकडे वळली.

सिसने गज थांबवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बघितलंस?" ती थेडीला म्हणाली. "अजून पाठच दाखवतायत मला."

थेडी दाराजवळ उभा होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा कोणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. कोणीतरी त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवून खाली ठेवलं होतं, आणि आता मोकळ्या पाठीचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

"परत," सिस स्वतःलाच म्हणाली आणि तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी सावकाश, नाचाच्या वेगाने नव्हे, शिकवण्याच्या वेगाने. पहिला भाग, परत पहिला. दुसरा. कोंबडी टोपीतून उठली, वर गेली, हवेत फडफडली, फादरच्या डोक्यावरून पार होऊन जमिनीवर टेकली. परत दुसरा. परत उडी. डीलियाबाईंची मान भिंतीकडून वळायला लागली. आधी कान दिसला, मग गाल, मग उघडे डोळे. त्या सिसकडे बघत होत्या. बोटांकडे बघत होत्या, खरं म्हणजे.

थेडी तिथेच, पलंगाच्या अगदी कडेला येऊन उभा राहिला होता. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, अंगठे शिवणीवर. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. ती धून कुठेही वाजली की त्याच्या अंगाने तसंच उभं राहायचं, इतकी वर्षं तेच शिकवलेलं. डोळे मात्र समोर नव्हते, आईवर होते.

पांघरुणातून डीलियाबाईंचा डावा हात बाहेर आला. चाचपडत चाचपडत तो थेडीच्या कातडी एप्रनपर्यंत पोचला. बोटांनी कड पकडली आणि खाली ओढली. एकदा, मग पुन्हा, जरा जोरात, चुळबुळणाऱ्या पोराला ओढून बसवावं तशी.

सिस वाजवतच राहिली. थेडीच्या टाचा सुटल्या. तो आईच्या पलंगाच्या कडेवर, एवढ्याशा जागेत, अंग चोरून बसला.